सार्तो, सार्तू, सुर्तू

७ जानेवारी, मंगळवार

सण संपले. आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार, खाडा नाही. कुणाला दाखवणार नाही, नुंझियालाही नाही. बायको वाचणार म्हटलं की माणूस खरं लिहीत नाही, आणि मला खरंच लिहायचं आहे.

सकाळी दुकान उघडलं. समोरच्या रफाएलेने त्याच्या खानावळीच्या काचेवर नवा बोर्ड लावलाय. लफ्फेदार अक्षर, भोवती वेलबुट्टी. ‘सार्तू. नेपल्सची शान. नाव फ्रेंच सुर्तू या शब्दावरून.’

फ्रेंच!

सार्तू म्हणजे आमचा भाताचा किल्ला. बाहेर भाताची भिंत, आत मटार, सुपारीएवढे खिम्याचे गोळे, कोंबडीची काळिजं, वितळलेलं चीज. साच्यात घालून भट्टीत भाजायचा आणि ताटात उपडा करायचा. आणि शिंप्याला आमच्याकडे म्हणतात सार्तो. सार्तो, सार्तू. ज्याला कान आहेत त्याला कळतं. बाहेर कापड, आत अस्तर, मधे भरण आणि शिवण कुठे दिसता कामा नये. हे शिंप्याशिवाय सुचणार कुणाला? आचाऱ्याला?

रस्ता ओलांडून गेलो. रफाएले माझ्या नावाला मानाचं ‘दोन’ लावूनच बोलतो. म्हणाला, दोन कातेल्लो, राजाच्या मुदपाकखान्यात फ्रेंच आचारी होते, त्यांनी ठेवलं नाव. पुतणीने इंटरनेटवर पाहिलंय. मी म्हणालो, इंटरनेट काय नेपल्सचं आहे? तो म्हणाला, कॉफी घ्या. घेतली. हल्ली कप फार काठोकाठ भरतो. थोडी शर्टावर सांडली.

ठरलं. सार्तू हे नाव शिंप्यावरून आलं, हे मी सिद्ध करणार. महिना पुरे.

नोटरीसाहेबांची पँट उसवून लांब करायची होती, ती राहिली. सुयांची नेढी दिवसेंदिवस बारीक करतायत. कंपन्यांना नफा हवा, दुसरं काय.

१० जानेवारी, शुक्रवार

मिरेल्लाचा फोन, फ्रान्समधल्या ल्योंहून. तिथे ती नर्स आहे. लग्न ठरलं. १ मार्च, इथेच, आपल्या चर्चमध्ये, उपासाचा काळ लागायच्या आत. नवरा तोच, एतिएन. लिफ्ट दुरुस्त करतो. फ्रेंच आहे, पण माणूस बरा आहे.

मिरेल्ला म्हणाली, पापा, मला तुझ्याकडून काहीच नको. फक्त एतिएनचा कोट तू शिवायचा.

मी म्हणालो, हे सांगायला लागतं का?

ती मग म्हणाली, जमेल ना?

जमेल ना म्हणे! आमच्या सानिता वस्तीतल्या निम्म्या नवरदेवांना मी कोट घालून चर्चच्या पायऱ्या चढवलंय. काहींना दोनदा.

नुंझियाने फोन आतल्या खोलीत नेला. दार लोटून बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. फुलांचं काहीतरी असेल.

कोट सोमवारपासून. तोवर संशोधन.

१२ जानेवारी, रविवार

सासूबाईंकडे जेवण. सार्तू होता. कापल्यावर बारकाईने पाहिला. भाताचा थर सगळीकडे सारखा, कोपऱ्यांत दुमडलेला, अगदी अस्तरासारखा. सगळ्यांना दाखवला. मेहुणीने दुसरीकडे पाहिलं.

सासूबाईंना विचारलं, मम्मा, याला सार्तू का म्हणतात?

त्या म्हणाल्या, कारण त्याचं नाव सार्तू आहे.

पण का?

तुझं नाव कातेल्लो का आहे? जेव गुमान, निवतंय.

पुराव्याला नकार नाही मिळाला. ही चांगली खूण. जेवताना काट्यावरून मटार उडाले. एक साडूच्या चष्म्यावर बसला. मटार फार गुळगुळीत होते. नुंझियाने न विचारता मला चमचा आणून दिला, लहान मुलाला देतात तसा. सर्वांसमोर. घरी येईपर्यंत तिच्याशी बोललो नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

कोट काल सुरू झाला नाही. कापडच आलेलं नाही. कापडाशिवाय कोट म्हणजे काय ते मी नुंझियाला समजावलं. ती म्हणाली, कापड मागवलंस का? आज मागवलं.

वाचनालयात गेलो. पोरगी मदतीला तत्पर, पण वय कमी. तिने तीन शब्दकोश काढून दिले. तिन्ही म्हणतात, फ्रेंच सुर्तू, म्हणजे ‘सगळ्याच्या वर’. मेजवानीत टेबलाच्या मधोमध ठेवायचं ते मोठं नक्षीदार पात्र. त्यावरून आपला सार्तू. शब्द तेच, क्रम तोच. उघड आहे. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी बघून उतरवलं. शाळेत आमचंही असंच चालायचं.

पोरगी म्हणाली, आजोबा, तुमच्याकडे पुरावा काय आहे?

मी म्हणालो, कान.

आजोबा म्हणाली. घरी आल्यावर आरशात पाहिलं. चेहरा जरा ताठ वाटला. हसून पाहिलं, उशिरा हसला. थंडी आहे.

२० जानेवारी, सोमवार

कापड आलं. गडद निळी लोकर. हातात घेतली की पाण्यासारखी वाहते. दुकानदार म्हणाला, हेच कापड एर्नेस्तोही नेतो. न्यायला काय, नेऊ दे. एर्नेस्तो आणि मी एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो. त्याचं काम तसं बरं, पण काजं फार आवळून करतो, मुंगीच्या तोंडाएवढी. उस्ताद त्याला म्हणायचे, बटण घालायचंय की गळा घोटायचाय? एका गिऱ्हाइकावरून आमचं बिनसलं. त्यानंतर बोलणं नाही. चूक त्याची होती. तपशील आठवत नाही.

कापड टेबलावर पसरलं. खडू घेतला. उजेड बरोबर नव्हता. या गल्लीत ऊन दुपारी जेमतेम डोकावतं, तेही तिसऱ्या मजल्यावरच्या चादरी वाळत नसतील तर. उद्या.

२३ जानेवारी, गुरुवार

मोठी बातमी. फादर गाएतानोंना भेटलो. चर्चच्या हॉलमध्ये माझं लेक्चर. विषय: ‘सार्तू, एका शिंप्याची देणगी’. फादर म्हणाले, बघू. मी म्हणालो, १५ फेब्रुवारी शनिवार कसा? ते म्हणाले, त्या दिवशी हॉल मोकळा असतो खरा, पण... मी त्यांचे आभार मानले.

रात्री जेवताना नुंझियाला सांगितलं. ती म्हणाली, आणि कोट?

मी म्हणालो, कोट माझ्या हातात आहे.

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. भांडी आवरायला उठली.

खडूच्या रेषा अजून नाहीत. लेक्चर आधी. डोकं शांत असल्याशिवाय कातर चालवू नये, हे उस्तादांचं वाक्य.

२७ जानेवारी, सोमवार

काहीतरी गंमत चालली आहे. रोज सकाळी दुकानात येतो तेव्हा गादीवर सुया ओवलेल्या. पांढरा दोरा, काळा, निळा. सारख्या लांबीचे, गाठ मारलेले. मी काल रात्री ओवून ठेवल्या असणार. लक्षात राहिलं नाही, इतकंच.

दुपारी लवकर परत आलो, तर नुंझिया खिडकीपाशी बसून ओवत होती. मला पाहून म्हणाली, रिकामी होते.

बायकांना रिकामं बसवत नाही. बरं झालं. माझा वेळ संशोधनाला मिळतो.

अक्षर बारीक येतंय हल्ली. ओळीच्या सुरुवातीला ठीक, शेवटी मुंगीएवढं. तेवढाच कागद वाचतो.

३ फेब्रुवारी, सोमवार

कापलं!

सकाळी दहाला खडू, अकराला कातर. कॉफी नाही, रेडिओ नाही. नुंझियाला वर पाठवलं. पाठ उत्तम. उजवी बाजू उत्तम. डावी बाजू चालू असताना बाहेर कुणाची तरी स्कूटर फाटकन वाजली आणि कातर जरा सरकली. दचकून सरकते. कुणाचीही सरकेल.

डावी बाजू दोन बोटं आखूड.

यात घाबरण्यासारखं काही नाही. नवीन फॅशन पाहतो मी टीव्हीवर, दोन्ही बाजू सारख्या असायला हव्यात असं काही राहिलेलं नाही. एतिएन तरुण आहे. त्याला आवडेल. नसेल तर खिसा असा लावायचा की डोळा तिकडेच जाईल.

नुंझिया संध्याकाळी आली. डावी बाजू उचलून उजव्यावर ठेवली. परत खाली ठेवली. स्कूटरचं सांगितलं. तिने विचारलं, कोणाची स्कूटर? मी म्हणालो, मला काय माहीत, मी कापत होतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नुंझियाने डॉक्टरकडे नेलं. मी म्हणालो, लग्न मुलीचं आहे, तपासणी माझी कशाला? ती म्हणाली, चल.

डॉक्टरने बोटं आपटायला सांगितली, अंगठा आणि तर्जनी, भराभर. मग चालायला सांगितलं. मग कागद दिला आणि म्हणाला, गोगलगाईच्या शंखासारखी रेघ काढा, आतून बाहेर.

काढली. त्याने बराच वेळ ती पाहिली. इतका वेळ कुणी माझं चित्र पाहिलं नव्हतं. मग म्हणाला, हे मी मोठ्या डॉक्टरांना दाखवतो. एकोणीस तारखेची वेळ घेऊन दिली.

जिना उतरताना नुंझियाने माझा दंड धरला होता. पायऱ्या घसरड्या नव्हत्या. मी तिला सांगितलंही. तिने सोडला नाही.

लेक्चरची तयारी जोरात. नवा मुद्दा सापडला: त्या काळी नेपल्समध्ये भात कुणालाच आवडत नव्हता, भात म्हणजे आजाऱ्याचं जेवण. तर अशा नावडत्या वस्तूला चांगला कपडा चढवून चार लोकांत आणायचं काम कोण करतो? शिंपी!

८ फेब्रुवारी, शनिवार

एतिएन आला, फिटिंगसाठी. दोन दिवसांसाठी. उंच, खांदे उतरते, मनाने सरळ. माझ्या हातात पडला आणि म्हणाला, कसे आहात दोन कातेल्लो? त्याचा र घशात अडकतो. सवय होईल.

कच्च्या टाक्यांचा कोट अंगावर चढवला. आरशासमोर तो एकदाही डाव्या बाजूकडे पाहत नव्हता. मला वाटलं, खिसा काम करतोय. टाचण्या लावताना दोन-तीनदा त्याला टोचलं. त्याचा श्वास आत जायचा, चेहरा तसाच.

बोलणं सुरू राहावं म्हणून मी त्याला सार्तू आणि सार्तो समजावला. लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाला, पण हे छान आहे, कारण आमच्याकडे सुर्तू म्हणजे जुन्या काळचा कोट.

काय म्हणालास?

सगळ्या कपड्यांच्या वरून घालायचा तो लांब कोट. त्यालाही सुर्तू म्हणत. म्हणजे कोट, ते टेबलावरचं पात्र आणि रोजच्या बोलण्यात सुर्तू म्हणजे ‘विशेष करून’. सगळं एकच.

मला हसू आलं. कोटाला तोच शब्द, भांड्याला तोच, ‘विशेष करून’लाही तोच! शब्दांची इतकी चणचण असलेल्या देशाने आम्हाला नावं द्यावीत? मी त्याला तसं सांगितलं, प्रेमाने. तो म्हणाला, नाही पण, बघा ना, मग तुमचंही बरोबर आणि शब्दकोशाचंही बरोबर. शिंप्याचा कोटच शेवटी.

मी म्हणालो, हात वर कर. मुंढा बघायचाय.

फ्रेंच माणूस घरात आला की तो घर फ्रेंच करायला बघतो. मोठा डाव आहे. गोड बोलून.

जाताना नुंझियाने त्याला दाराबाहेर थांबवून काहीतरी सांगितलं. तो परत आत आला आणि माझा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला. त्याचे हात गरम. माझा हात त्याच्या हातांत बराच वेळ थरथरत राहिला, चिमणी धरल्यासारखा. दुकानात फार गार आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार. लेक्चरनंतर

लिहिणारच. खाडा नाही.

हॉलमध्ये एकोणीस माणसं. त्यातल्या काही बायका हौजीसाठी आल्या होत्या, फादरनी पाटी बदलली नव्हती. तरी बसल्या. रफाएले आला. साच्यातला गरम सार्तू घेऊन आला, स्वतःहून, फुकट. शत्रूही मानतो म्हणायचा.

सुरुवात चांगली झाली. आवाज जरा बारीक निघत होता. मागून कुणीतरी ओरडलं, दोन कातेल्लो, आम्हाला ऐकू येत नाही! पुढून एक बाई म्हणाली, तुमचं नशीब! हशा. मीही हसलो. शब्द, कान, शिंपी, अस्तर, सगळं सांगितलं. शेवटी प्रात्यक्षिक. सगळ्यांसमोर सार्तू उपडा करून दाखवायचा, म्हणजे शिवण कशी दिसत नाही ते कळेल.

साच्यावर ताट ठेवलं. दोन्ही हातांनी धरलं. उचललं.

रफाएले धावला, मी म्हणालो, सरक. नुंझिया पहिल्या रांगेत अर्धी उठली होती. ताट आणि साचा एकमेकांवर वाजायला लागले. टकटक टकटक, दातांसारखे. मी घट्ट धरलं तर जास्त वाजले. मग उलटवलं.

सार्तू ताटात पडला नाही. फादर गाएतानोंच्या बुटांवर पडला. मटार रांगेखाली गेले.

कुणी हसलं नाही. हौजीवाल्या बायकासुद्धा नाहीत. मघाशी हसले तसे हसले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. रफाएले गुडघ्यांवर बसून हातांनी भात गोळा करत होता आणि म्हणत होता, साचा तेलकट होता, दोन कातेल्लो, माझीच चूक, साचा तेलकट होता.

हे मात्र खरं. साचा तेलकट होता.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मोठे डॉक्टर. तरुण बाई. माझी शंखाची रेघ तिच्यासमोर होती. पुन्हा बोटं, पुन्हा चालणं. चालताना डावा हात हलत नाही म्हणाली. मी म्हणालो, शिंप्याचा हात विनाकारण हलत नाही.

तिने आजाराचं नाव सांगितलं. मी विचारलं, या नावाचा अर्थ काय?

अर्थ काही नाही म्हणाली, एका इंग्रज डॉक्टरचं आडनाव आहे. त्यांनी पहिल्यांदा लिहिलं म्हणून.

म्हणजे मूळ पक्कं माहीत आहे?

हो, पक्कं.

वाद नाही?

नाही.

नुंझिया म्हणाली, कातेल्लो, पुरे.

गोळ्या दिल्या आहेत. दिवसातून तीनदा. बरं होतं का विचारलं नाही. नुंझियाने विचारलं. बाई म्हणाली, बरं होत नाही, हळू करता येतं. पुढचं मला ऐकू आलं नाही, खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

ते आडनाव इथे लिहिणार नाही. घरात एक परकं नाव पुरे.

घरी आल्यावर दुकानात खाली गेलो. आज बाही लावायची. लावायला घेतली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बाही उलटी लागली. उसवली. परत लावली. मुंढ्यात चुण्या. उसवली.

जेवायला वर गेलो, परत आलो तर पुतळ्यावर कोट नाही. नुंझियाला विचारलं. म्हणाली, इस्त्रीला दिला.

अपुरा कोट इस्त्रीला?

हो.

तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत राहिली, पापणी न हलवता. मी म्हणालो, बरं केलंस. वाफ बसली की चुण्या जातात.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मिरेल्ला काल आली. मला मिठी मारली आणि सोडेना. मग माझं मनगट धरून बसली, बोलता बोलता. नाडी मोजते. सवयच लागली आहे पोरीला.

कोट इस्त्रीहून आला. कागदाच्या पिशवीत.

दुकानाचं दार लावून एकट्याने पाहिला. दोन्ही बाजू सारख्या. बाह्या अशा लागल्यात की खांद्यातूनच उगवल्यात. निळा जरा जास्त निळा वाटला, पण इस्त्रीने रंग उघडतो. कॉलरवरचं काज पाहिलं. बोटाने चाचपलं. बारीक, आवळलेलं, मुंगीच्या तोंडाएवढं.

बराच वेळ कोट मांडीवर होता.

माझं कापड असं बसलं नसतं. तेवढं लिहून ठेवतो.

वर गेलो. दोघी स्वयंपाकघरात एकमेकींकडे न पाहता बीन्स सोलत होत्या. मी म्हणालो, इस्त्रीवाल्याने काम फार चांगलं केलं. त्याला माझा नमस्कार सांगा.

मिरेल्ला उठून बाथरूममध्ये गेली. नळ सोडला.

२ मार्च, रविवार

काल लग्न झालं. मिरेल्ला सुंदर दिसत होती. तिला हाताला धरून चर्चमध्ये नेलं, की तिने मला नेलं, कुणाला कळलं नाही. पाय एकदा उंबऱ्यापाशी चिकटले, पुढे पडेनात. ती थांबली, झगा सावरल्यासारखं केलं, म्हणजे लोकांना वाटावं तीच थांबलीये. मग हळूच म्हणाली, पापा, डावा. डावा पडला.

कोटाची सगळीकडे तारीफ. एतिएन प्रत्येकाला सांगत होता, सासऱ्यांनी शिवला. त्याची आई मला काहीतरी फ्रेंचमध्ये म्हणाली आणि बाही कुरवाळली. लोक येऊन माझा हात हातात घेत. मी हात खिशात ठेवला.

जेवणात सार्तू. रफाएलेने केला होता, बैलगाडीच्या चाकाएवढा. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. उभा राहिलो. गोळीची वेळ नुकतीच झाली होती, हात त्यातल्या त्यात शांत. म्हणालो, मंडळी, मी पहिल्यापासून सांगत आलो आहे की हे नाव कोटावरून आलंय. फ्रेंच लोक वरून घालायच्या कोटाला सुर्तू म्हणतात. शिंप्याने कोट केला, कोटाचं नाव भाताला मिळालं. म्हणजे शिंपीही खरा आणि फ्रेंचही खरे, म्हणून तर आज हे लग्न.

टाळ्या! खऱ्या टाळ्या. रफाएले उभा राहिला. एतिएन हसत होता, हे मी त्याला शिकवलं असल्यासारखा. समजूतदार मुलगा आहे, पटवून दिलं की त्याला पटतं.

मग पुढचं वाक्य तयार होतं. त्याच्याकडे हात करून म्हणायचं, आणि याचा पुरावा म्हणजे हा कोट, जो मी शिवला.

हात केला. नुंझिया टेबलक्लॉथकडे पाहत होती, एक सुरकुती सारखी करत.

मी म्हणालो, आणि हा कोट, जो शिवला गेला.

व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य बरोबर आहे. लोकांनी ग्लास उचलले.

५ मार्च, बुधवार

आजपासून उपास. कपाळावर राख लावून आलो. मिरेल्ला आणि एतिएन सकाळच्या गाडीने गेले.

अकरा वाजता गिऱ्हाईक. पूर्ण कोटाचं. कितीतरी दिवसांनी. वरच्या गल्लीतल्या बेकरीवाल्यांचा जावई, लग्नात होता. म्हणाला, दोन कातेल्लो, डिट्टो तसाच हवा. ईस्टरला घालायचाय.

माझ्या अंगात वीज आली. नुंझियाला हाक मारली. नेहमीसारखी ती स्टुलावर बसली, मांडीवर कागद, हातात पेन्सिल. मी टेप काढली. छाती घेतली. टेप थोडी हलत होती, तर त्या जावयाने तिचं एक टोक स्वतःच छातीशी दाबून धरलं. शिस्तीचा मुलगा. मी आकडे सांगत गेलो, मोठ्याने, छाती, कंबर, पाठ, बाहीची लांबी. खांद्याचं माप दोनदा वेगवेगळं आलं, दोन्ही सांगितले. म्हणालो, पुढच्या आठवड्यात ये, कापून ठेवतो. तो खूश होऊन गेला.

नुंझियाकडून कागद मागितला. तिने दिला.

कोरा होता. पेन्सिलीला टोकही नव्हतं.

ती म्हणाली, मी संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन येते. दुसरीकडे पाठवू त्याला. तिथे पुन्हा माप घेतीलच.

मी म्हणालो, बरं.

ती अजून थोडा वेळ बसली. मी काही बोलेन म्हणून असेल. मग वर गेली. जाताना तिने दाराचं शटर अर्धं खाली ओढलं.

टेप गुंडाळतो आहे. दोन वेढे होतात आणि सुटते. परत घेतो, परत सुटते. फार निसरडी झाली आहे ही. उद्या बाजारातून नवी आणतो.